अण्णांची साक्ष

गयाआत्याच्या घरात पिठाची गिरणी होती असं म्हणण्यापेक्षा, गिरणीच्या मागच्या अंगाला आत्याचं घर होतं असं म्हणणं बरं. नेकनूरच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची गिरणी, तिच्या मागे दोन खोल्या, त्यांच्यामागे बोअर आणि एक शेवग्याचं झाड. गिरणी सुरू झाली की फळीवरची भांडी थरथरत पुढे सरकायची आणि येता-जाता कुणीतरी ती हाताने मागे लोटायचं. पीठ सगळीकडे असायचं. आत्याच्या भुवयांवर, देवांच्या तसबिरींवर, दोरीवरच्या कपड्यांवर, माझ्या वह्यांत. मागच्या हिवाळ्यात अण्णा, माझे वडील, गेले. त्यांच्यामागे आवरासावर करताना माझं बी.कॉम.चं वित्तव्यवस्थापनाचं पुस्तक एका पत्र्याच्या पेटीत सापडलं. उघडलं तर शिवणीतून बारीक पीठ हातावर पडलं. इतक्या वर्षांत त्याचा वास गेला होता, पण ते झटकून टाकायला मन होईना. म्हणून हे लिहायला बसले आहे. सावकाश लिहिते आहे, कारण आता घाई करावी असं काही उरलेलं नाही.

आई गेली तेव्हा मी बारावीत होते. आमचं गाव वडवणीच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायचं. नवरा-बायको जोडीने ऊस तोडायला जायची, आणि शिकणारी पोरं कुणा नातेवाइकाकडे राहायची. ऊसतोडीत अशा जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम पैसे देतो ते कोयत्याला, माणसाला नाही. हंगामाआधीची उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि अंगठाही नवऱ्याचाच लागतो. मी दर हिवाळ्यात आत्याकडे असायचे, तशीच त्या वर्षीही होते. पहाटे उसाच्या फडाकडे निघालेली टोळी रस्त्याच्या कडेने चालत असताना मागून ट्रक आला. आई जागेवरच गेली. अण्णांच्या मांडीचं हाड मोडलं. आईला गावी आणून तिचं सगळं केलं तेव्हा अण्णा कारखान्याकडच्या दवाखान्यात पडून होते. त्यांनी तिला शेवटचं पाहिलं ते रस्त्यावर, अंधारात.

दवाखान्यातून सुटल्यावर अण्णा आत्याकडे आले ते राहिलेच. पाय लांब करून ते गिरणीतल्या स्टुलावर बसायचे आणि दळणाचे डबे काट्यावर ठेवायचे. डबे घेऊन येणाऱ्या बाया त्यांना पावणं म्हणायच्या. एखादी म्हणायची, "पावणं, काटा डोळ्यानं बघा, हात कावून टेकवताव त्याच्यावर?" अण्णा मुकाट्याने हात काढून घ्यायचे. फड तोडणारा माणूस; दिवसभर बसून त्यांचे ते हात काय करावं न कळल्यासारखे मांडीवर पडलेले असायचे. वीज गेली की पट्टा फट फट करत मंदावायचा, मग जात्याचा खरखरता आवाज, मग काहीच नाही. त्या शांततेची आम्हा तिघांनाही भीती वाटायची. आत्या लगेच कुणाला तरी हाक मारायची, नाहीतर भांडी घासायला घ्यायची.

आईने शेवटच्या दिवाळीला आत्यासाठी येसराची बरणी पाठवली होती. आमच्याकडे येसराची आमटी आठवड्यातून तीनदा तरी होते. भाजलेली बाजरी, डाळी, मसाले दळून केलेलं ते पीठ प्रत्येक बाईच्या हातचं वेगळं लागतं. आईच्या येसरात धने जास्त असायचे. आत्या ती बरणी काटकसरीने वापरत होती. चमचा अर्धाच भरायची, त्यात स्वतःचं येसर मिसळायची. एके दिवशी आमटीची चव बदलली. अण्णांनी पहिल्या घासाला हात थांबवला, मग भाकरी कुस्करून पुढे जेवले. आत्या म्हणाली, "तिखट झालं का?" अण्णा म्हणाले, "न्हाई. बरं हाय." रिकामी बरणी धुऊन आत्याने खिडकीत पालथी घातली. ती बरेच दिवस तिथेच होती.

कॉलेज बीडला होतं. मी रोज एस.टी.ने जात-येत असे. दुसऱ्या वर्षी पाठक सर वित्तव्यवस्थापन शिकवायला आले. ठेंगणे, हळू बोलणारे, खडू आधी मोडून मग लिहिणारे. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "आज मिळणारा रुपया आणि पाच वर्षांनी मिळणारा रुपया, यातला कुठला घ्याल?" मागच्या बाकावरून आवाज आला, "दोन्ही, सर." वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे, पण जग एकच देतं." मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत. उदाहरण म्हणून म्हणाले, "समजा, एक पिठाची गिरणी विकत घ्यायची आहे." शेजारच्या मुलीने माझ्या बाहीवरच्या पिठाकडे बोट दाखवलं. सर पुढे सांगत होते, गिरणीची किंमत तिच्या लोखंडाची नसते. ती अजून किती वर्षं चालेल, दरवर्षी काय मिळवून देईल, त्यातून तिचा स्वतःचा खर्च किती वजा जाईल, आणि जे उरेल त्याचं आज मोल काय, एवढं मांडलं की झाली किंमत. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोष्टकं दिली होती. मला तो धडा मनापासून आवडला. आई गेल्यापासून मला काही आवडल्याचं ते पहिलंच. दुःखातल्या माणसाला गणित बरं वाटतं. त्याला उत्तर असतं.

त्याच सुमारास आईच्या दाव्याने वेग घेतला. अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा बीडच्या कोर्टात लावलेला होता. आमचे वकील शेखसाहेब, वयस्कर, तोंडात कायम सुपारी. फी निकालानंतर द्या म्हणाले होते. एका दुपारी अण्णा, आत्या आणि मी त्यांच्या टेबलासमोर बसलो होतो. ते म्हणाले, "बेटी, तू कॉमर्सवाली. तुला समजेल, मग तू यांना समजाव." आणि त्यांनी कागदावर मांडलं. गेलेल्या माणसाची वर्षाची कमाई घ्यायची. ते माणूस स्वतःवर खर्च करत असेल म्हणून त्यातला तिसरा हिस्सा वजा करायचा. उरलेल्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. तो आकडा त्यांनी एका जाड पुस्तकातल्या कोष्टकात बोट फिरवून शोधला. मी ते कोष्टक पाहिलं; माझ्या पुस्तकाच्या शेवटी होतं तसंच. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फक्त गिरणीच्या जागी आई होती.

आत्याने विचारलं, "तिसरा हिस्सा कावून कापायचा?"

"ती स्वतःवर खर्च करायची, असं धरतात."

"कोन? सुभद्रा?" आत्या म्हणाली. "वकीलसाहेब, तिनं दोन दिवाळ्या एका लुगड्यावर काढल्या. तिसरा हिस्सा कशावर घालवला म्हनं तिनं?"

शेखसाहेब म्हणाले, "कायद्याला लुगडं दिसत नाही, बाई." मग ते अण्णांकडे वळले. खरी अडचण पुढेच होती. आईची कमाई कुठल्याच कागदावर नव्हती. मुकादम साक्षीला यायला तयार नव्हता. कोर्ट म्हटलं की तो गाव सोडायचा. टोळीतले बाकीचे लोक फडावर. राहिले अण्णा. "तुम्ही एवढंच सांगायचं," शेखसाहेब म्हणाले. "पैसे दोघांच्या कामाचे मिळायचे. त्यातले निम्मे तिचे. हे खरंच आहे, तुम्हाला काही बनवून सांगायचं नाही. हे आलं नाही, तर कोर्ट तिला घरी बसलेली बाई धरेल आणि काहीतरी जुजबी रक्कम देईल."

"सांगतो," अण्णा म्हणाले.

मी घरी येऊन आईचं गणित मांडलं. निम्मी कमाई, वजा तिसरा हिस्सा, गुणिले कोष्टकातला आकडा. उत्तराखाली पाठक सरांनी शिकवल्याप्रमाणे दोन रेघा ओढल्या. मला त्या पैशातून काय घ्यायचं आहे असा विचार तेव्हा मनात आला नव्हता, हे खरं सांगते. मला फक्त ते उत्तर कोर्टाच्या कागदावर यायला हवं होतं. आई कमावत होती, हे कुठेतरी लिहिलं जायला हवं होतं, आणि ते लिहून घ्यायची तेवढी एकच जागा होती.

तारखेच्या आधी आत्याने अण्णांची तयारी करून घेतली. गिरणी बंद करून ती पिठाचं माप हातात घेऊन समोर उभी राहिली. "मी साहेब हाय. सांग भानुदास, पैशे कुनाचे?"

"दोघांचे."

"त्यातलं निम्मं कुनाचं?"

"तुज्या भावजयीचं."

"साहेबाची भावजय व्हय रे ती?"

अण्णा हसले. दळणासाठी थांबलेल्या दोन बायाही हसल्या. आई गेल्यापासून अण्णांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मला वाटलं, हे आता जमणार.

कोर्टात अण्णांनी धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घातली होती. काठी टेकत ते पिंजऱ्यात चढले. मी आत्यासोबत मागच्या बाकावर. शेखसाहेबांनी विचारलं तेवढं त्यांनी नीट सांगितलं: आम्ही दोघं ऊसतोडीला जायचो, पैसे दोघांच्या कामाचे मिळायचे, निम्मं तिचं. आत्याने माझा हात दाबला. मग विमा कंपनीचे वकील उठले. मला ते दुष्ट वाटावेत अशी तयारी मी मनात करून ठेवली होती, पण ते तरुण होते, गोड बोलत होते, आणि त्यांनी आधी अण्णांना पिंजऱ्यात बसायला स्टूल द्यायला सांगितलं.

"मुकादम पैसे कोणाच्या हातात द्यायचा?"

"माज्या."

"अंगठा कोणाचा लागायचा?"

"माजाच की."

"तुमच्या पत्नीच्या हातात त्याने कधी पैसे दिले?"

"न्हाई साहेब. बाईमानसाच्या हातात कोन देतं?"

"ऊस कोण तोडायचं?"

"मी."

"आणि त्या?"

"ती पाचट काढायची, मोळ्या बांधायची. डोक्यावर नेऊन गाडीत भरायची."

"म्हणजे तुमच्या कामात मदत करायच्या."

शेखसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हां," अण्णा म्हणाले. "मदत करायची."

"मग तुमच्या पत्नीला स्वतःला किती मिळायचं?"

"तिला काय मिळायचं न्हाई, साहेब."

टंकलेखकाने ते लगेच कागदावर घेतलं. तो खडखडाट मला गिरणीपेक्षा मोठा वाटला.

बाहेर चहाच्या टपरीवर शेखसाहेबांनी अण्णांना चहा दिला आणि स्वतः घेतला नाही. म्हणाले, "अण्णा, खरं बोललात. जरुरीपेक्षा जास्त खरं बोललात."

"शपथ घेटली हुती," अण्णा म्हणाले. "खोटं कावून बोलू? तिच्या हातात कुनी रुपाया दिल्याला मी बगितला न्हाई."

"निम्मं तिचं, हे कुठं गेलं?"

"ते तुमी सांगाय सांगितलं, म्हणून सांगितलं की."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसले. अण्णा शेजारी होते. त्यांनी दोनदा बोलायला घसा साफ केला. उन्हाळ्यात निकाल लागला. आईला घरकाम करणारी स्त्री धरलं होतं. रक्कम माझ्या नावे बँकेत ठेव म्हणून ठेवायची होती. निकालातलं एक वाक्य मला पाठ झालं आणि अजून पाठ आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. त्यात 'मदत' हा शब्द होता. कॉलेजच्या परीक्षेत पाठक सरांनी गिरणीचं गणित दिलं. मी ते सोडवलं आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

आता मी दुसऱ्या गावातल्या कॉलेजात हाच विषय शिकवते. दरवर्षी तो धडा येतो आणि दरवर्षी मी यंत्राचंच उदाहरण देते. अण्णांनी तसं का सांगितलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते खोटं बोलणारे नव्हते, हे एक. पण बायकोच्या कमाईवर घर चाललं असं चारचौघांत म्हणवत नव्हतं, हेही असेल, असं मी बरीच वर्षं धरून चालले. आज मला तसं वाटत नाही. त्यांना ते माहीतच नव्हतं, असं मला वाटतं. उचल एकाच हातात पडायची आणि तो हात त्यांचा होता. उचलीचे दोन भाग त्यांनी कधी पाहिले नव्हते.

ते त्यांना दिसले निकालाच्याच वर्षी, पोळ्याच्या पुढेमागे. ठेवीचं व्याज घरात येऊ लागलं होतं. अण्णा म्हणाले, "तिच्या जिवाच्या पैशावर बसून खायचं न्हाई मला." पाय सरळ झाला होता, लंगडणं तेवढं राहिलं होतं. त्यांनी मुकादमाला निरोप धाडला. मुकादम भर दुपारी गिरणीत आला, पोत्यावर बसला, आत्याने दिलेलं पाणी प्याला आणि खिशातून नोटा काढून अण्णांच्या हातावर ठेवल्या. मी दाराशी ज्वारी निवडत होते. अण्णांनी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"हे निम्मंच हाय," ते म्हणाले.

"मग किती देऊ?" मुकादम म्हणाला. "अर्धा कोयता तू आता. जोडी असती तर पुरे दिले असते. बगू का एखादी?" तो हसला. आत्या हसली नाही, तसा तो सावरून बसला. "इनोद केला, अक्का. धंद्याचा दरच हाय तो. एकट्याला अर्धी उचल."

"मंग पहिलं देत हुतास ते?"

"ते दोघांचं. तुजं अन् वहिनीचं."

"म्हंजी निम्मं तिचं हुतं."

"तिचंच की. आनिक कुनाचं?" मुकादम म्हणाला, आणि त्याने अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली.

अण्णांनी अंगठा दिला. मुकादम गेल्यावर ते स्टुलावर बसून राहिले. एक बाई दळण घेऊन आली, डबा काट्यावर ठेवून उभी राहिली. अण्णांनी काट्याकडे पाहिलं नाही. शेवटी आत्यानेच तो तोलला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले तर अण्णा टोपी घालून फाट्यावर माझ्याआधी उभे. म्हणाले, "मला साहेबाला सांगायचं हाय." बीडला उतरून आम्ही आधी शेखसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सुपारी थुंकून आले आणि म्हणाले, "अपिलाची मुदत उलटली, अण्णा. आणि वरच्या कोर्टात गेलो, तरी पुढे येणार तुमचीच साक्ष. लिहिलेली आहे ती."

"ती खोडा."

"खोडता येत नाही."

"मी बोलल्यालं मीच खोडतो म्हनतो न्हवं."

शेखसाहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "बेटी, यांना घरी ने."

अण्णा घराकडे वळले नाहीत. ते काठी टेकत कोर्टाच्या व्हरांड्यात गेले, त्याच दालनापाशी. आत दुसरंच काम चाललं होतं. खुर्चीवर साहेबही दुसरे होते. आधीच्यांची बदली झाली होती. दारातल्या शिपायाने आम्हाला अडवलं.

"तारीख हाय का आज तुमची?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग कशाला आलाव?"

अण्णांनी टोपी काढली. पिंजऱ्यात चढताना काढली होती तशीच. आणि आतल्या खुर्चीकडे बघत, शिपायालाच, नीट सावकाश सांगितलं, "मागच्या टायमाला मी सांगितलं, तिला काय मिळायचं न्हाई म्हनून. ते चुकीचं हुतं. निम्मं तिचं हुतं."

शिपायाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आतून कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. तो म्हणाला, "बरं. बाजूला उभं राहा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट द्या."

आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. माझा पाठक सरांचा तास केव्हाच सुरू झाला होता. लोक येत-जात राहिले. जेवणाच्या सुट्टीला साहेब उठले, तेव्हा अण्णांनी दुरून हात जोडले. साहेबांनी पाहिलं नाही.

नेकनूरला उतरलो तेव्हा गिरणी चालू होती. आत्याने आम्हाला येताना पाहिलं आणि पट्टा उतरवला. पोरीचं कॉलेज बुडवून कुठे गेला होता, हे तिने विचारलं नाही. तिला कळलं होतं.

"गाठ पडली का साहेबाची?"

"पडली."

"सांगितलं?"

"सांगितलं."

"मग काय म्हनले?"

अण्णा स्टुलावर बसले आणि दुखरा पाय हाताने उचलून त्यांनी पुढे लांब केला.

"बाजूला उभं राहा म्हनले," ते म्हणाले.